वाचकांचे प्रश्न : सपाटीवरचे पाय, घाटातली सायकल

प्रश्न : जानेवारीत 200 किलोमीटरची घाटातली ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) करायची आहे, एकूण चढाई 2500 मीटर. नागपुरात चढ आहेच कुठे? सेमिनरी हिल्सवर रोज पाच चकरा मारतो. पुरेल का? — त्रिमूर्तीनगर

नाही पुरणार. तिथला चढ दोन-तीन मिनिटांत संपतो आणि उतारावर पायांना आराम मिळतो. 12 किलोमीटरचा घाट ताशी 8 च्या वेगाने दीड तास चालतो आणि त्या दीड तासात पायडल एकदाही सोडता येत नाही. सपाटीवर पाय थांबवले तरी सायकल पळत राहते, चढावर ती लगेच गचका खाते. तेव्हा सराव करायचा तो न थांबण्याचा.

त्यासाठी सिग्नल नसलेला रस्ता लागतो. उमरेड किंवा काटोलच्या बाजूला पहाटे निघा आणि शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर चालवा. पुढे 50 दातांचं, मागे 13 दातांचं चक्र ठेवून ताशी 26 चा वेग धरलात तर पायडलचे मिनिटाला साधारण 54 फेरे होतात. घाटातही पाय असेच जड फिरतात. बसूनच चालवा, पायडलवर उभे राहू नका. पहिले तीन आठवडे दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये पाच मिनिटं हलकं. मग वीस मिनिटांचे दोन. दोन महिन्यांनी सलग 45 मिनिटं. हे आठवड्यातून दोनदाच, आणि गुडघा कुरकुरत असेल तर अजिबात नाही.

रविवारची लांब राइड 60 पासून वाढवत 150 पर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्याला अंतर एक तृतीयांश कमी करा. शेवटची मोठी राइड ब्रेव्हेच्या दोन आठवडे आधी. खरा घाट निदान दोनदा चढून बघायलाच हवा. जवळचा म्हणजे छिंदवाडा रस्त्यावरचा, सौंसरच्या पुढचा सिल्लेवानी. सायकल गाडीत टाकून पायथ्यापर्यंत न्या आणि तोच घाट तीन वेळा चढा. आणखी लांब चढ हवा असेल तर परतवाड्याहून चिखलदरा. नागपूर 310 मीटरवर, चिखलदरा साधारण 1100 वर. तिथून अंधाराच्या आत खाली या. मेळघाटात संध्याकाळचा रस्ता जनावरांचा असतो.

वेळेचा हिशेब आताच कागदावर मांडा. 200 साठी साडेतेरा तास मिळतात. चढाचे 40 किलोमीटर ताशी साडेआठने म्हणजे पावणेपाच तास, उरलेले 160 ताशी 24 ने म्हणजे पावणेसात. झाले साडेअकरा. चहा, पंक्चर, वाटेतल्या ठिकाणी ब्रेव्हेच्या कार्डावर घ्यायचे शिक्के आणि झाडाखाली आडवं होणं, सगळं मिळून दोन तास.

प्रश्न : माझ्या रोड बाइकला पुढे 50 आणि 34 दातांची दोन चक्रं आणि मागे 11 ते 25 दातांची कॅसेट (चक्रांचा संच) आहे. दुकानदार म्हणतो, फक्त कॅसेट बदला. — धरमपेठ

कॅसेट बदलाच, पण ‘फक्त’ वर विश्वास ठेवू नका. पुढच्या 34 ला मागचं 25 लावलं की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 2.85 मीटर जाते. ताशी 8 ने चढताना मिनिटाला जेमतेम 47 फेरे होतात. गुडघे तासाभरात बोलू लागतील. मागे 32 दातांचं चक्र टाकलं तर तोच वेग 60 फेऱ्यांत मिळतो.

आता अडचणी. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा हात आखूड) असेल तर सहसा 28 किंवा 30 दातांपर्यंतच पोचतो. शिमानो असेल तर डिरेलरच्या पाठीवर मॉडेल क्रमांक बघा: शेवटी ‘एसएस’ असेल तर आखूड, ‘जीएस’ असेल तर लांब. 32 साठी लांबच हवा. दुसरी अडचण चेनची. जुन्या चेनची लांबी 25 च्या हिशेबाने तोडलेली असते. घाटात घाईत चेन पुढच्या-मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर पडली की ती ताणून बसते आणि डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा हँगर मोडतो. नवी चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या-मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवरून फिरवा, टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडा.

जुनी चेन लांबीला पुरत असली तरी आधी स्टीलची फूटपट्टी लावून बघा. शून्यावर एका पिनचा मध्य ठेवला की 12 इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो 1/16 इंच पुढे सरकला असेल तर चेन बाद. झिजलेली चेन नव्या कॅसेटचे दातही लवकर झिजवते, आणि घाटात जोर सतत लागतो. हे काम ब्रेव्हेच्या निदान तीन आठवडे आधी उरका. नव्या केबली सैलावतात, गिअर पुन्हा जुळवावे लागतात.

प्रश्न : राइडमध्ये चार तासांनी हातपाय गळतात. निघण्याआधी पोटभर खाऊन निघतो. — मानेवाडा

पोटभर म्हणजे तर्री पोहे असतील तर ते परतल्यावर. तिखट आणि तेल घेऊन घाट चढलं की घशाशी येतं. दोन तास आधी साधे पोहे किंवा दोन पोळ्या-गूळ. रस्त्यात मात्र तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि ती पहिल्या तासापासून. मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि वर चिक्की किंवा चार-पाच खजूर. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. सोबत दुसरी बाटली साध्या पाण्याची. संत्रं चालतं, पण चढाच्या आधी थांबून सोला. एका हाताने सोलणारे पडलेले आहेत.

प्रश्न : उतारावर भीती वाटते. रिम ब्रेक आहेत. — सदर

भीती योग्य जागी आहे. ब्रेक सतत दाबून ठेवलात तर रिम तापते, आत हवेचा दाब वाढतो आणि ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक जोरात लावा, वळणात सोडा. मग रिमला वारा लागू द्या. माथ्यावर थांबून विंडचीटर घाला, नाही तर घामाने ओली जर्सी गार पडते, बोटं बधिर होतात आणि ब्रेकचा लीव्हर दाबला जात नाही. निघण्याआधी पॅडवरच्या खाचा शिल्लक आहेत ना, लीव्हरच्या तोंडाशी केबलचा तंतू सुटलेला नाही ना, हे बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली टकटक आली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला.

प्रश्न : लांब राइडनंतर गुडघा पुढून दुखतो. — हिंगणा रोड

बहुधा सीट खाली आहे. टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. वाकलेला राहिला तर सीट एका वेळी 3 ते 5 मिलिमीटर वर घ्या आणि दोन राइड बघा. दुखणं गुडघ्याच्या मागे गेलं तर जास्त वर गेली.