नकाशा खाटेवरून बघ

गुहागर, ९ जून

बाय,

तू काढलेला नव्या घराचा नकाशा पोचला. समुद्राकडे बारा फुटी काच, दुमजली उंचीचा दिवाणखाना, पांढरी चकचकीत फरशी. फोटोत झकास दिसेल. मुंबईचे मालक गणपतीत आणि मे महिन्यात येणार, त्यांना आवडणारच. पण तुझ्या पत्रात तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे: ‘मालकांची आई वर्षभर तिथेच असते, वय ७८.’ ती ओळ पहिल्या पानावर हवी होती.

मालक वर्षातले तीसेक दिवस राहणार. आजी बारा महिने, त्यातही दिवसाचे वीस तास घरातच. तुमच्या बैठकीला त्या होत्या का? चहा आणून ठेवला असेल आणि आत गेल्या असतील. आपल्याकडे असंच होतं. पैसे देणारा बोलतो, राहणारा ऐकतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, हात पोळून घेतलेत म्हणून सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी खाडीकाठी एक घर बांधलं. खाडी सर्वांत सुंदर दिसायची नैर्ऋत्य कोपऱ्यातून, म्हणून ती खोली म्हातारीला दिली. मोठा मान दिला असं वाटलं. दुसऱ्या वर्षी जुलैत गेलो तर दारातच कुबट वास. भिंतीतलं कपाट उघडून मागची फळी काढली, तर पुरुषभर उंचीपर्यंत काळीहिरवी बुरशी. म्हातारीला दमा होता आणि ती रात्री उशीला टेकून बसून काढत होती. मुलगा म्हणाला, “पावसाळ्यात तिचं असंच असतं.” मी मान डोलावली. घरी येऊन मात्र झोप लागली नाही.

काय चुकलं होतं ते नीट समजून घे, कारण तुझ्या नकाशात तीच खोली तशीच आहे. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येकडून झड येते. त्या भिंतीवर मी दीड फुटाचा छज्जा दिला होता, म्हणजे छत्री उघडून काखेत धरल्यासारखं. आत चिरा, म्हणजे जांभा दगड. चिरा सच्छिद्र, पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतोही. मी त्याला सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवला. गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडतातच. तिथून पाणी शिरलं, रंगाने बाहेर पडू दिलं नाही. आतल्या बाजूला भिंतभर कपाट, त्याच्या मागे हवा हलत नाही. जुलैतली हवा आधीच पंच्याऐंशी टक्के ओली, भिंत गार. बुरशीला आणखी काय हवं? त्यात चार माणसांचे कपडे घरात दोरीवर वाळत. कपड्यांतून उडणारं पाणी जाईल कुठे? त्याच भिंतीत.

दुरुस्ती साधी होती, पण पैसे दोनदा गेले. कपाट काढून आतल्या भिंतीला लावलं, रंग खरवडून चुना दिला आणि त्या बाजूला आठ फुटांची कौलारू पडवी काढली. कपडे तिथे वाळू लागले. दमा गेला नाही, तो जायचाही नव्हता. पण पुढच्या आषाढात म्हातारी आडवी झोपत होती. आधी पडवी काढली असती तर? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.

म्हणून तुझ्या नकाशात पहिलं काम: नैर्ऋत्येला पडवी आणि बाहेरच्या भिंतीला एकही अंगचं कपाट नको. लाकडी कपाट ठेवायचंच तर चार बोटं अंतर सोडून, पायांवर. वरच्या मजल्यावरच्या ज्या तीन खोल्या अकरा महिने कुलपात राहणार, त्यांना छताजवळ तिरप्या पट्ट्यांचे झरोके दे. बंद खोलीतली कुबट हवा घरभर पसरते, आजींच्याच नाकात.

आता ती काच. पश्चिमेची आहे. तीन वाजल्यापासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट आत येणार, फरशी तापणार आणि काच ती उष्णता बाहेर सोडणार नाही. तू उत्तर लिहिलंयस: एसी. वैशाखात संध्याकाळी वीज गेली की काय करायचं? सरकती खिडकी पूर्ण उघडतही नाही, एक पल्ला दुसऱ्यामागे जातो आणि अर्धी बंदच राहते. वर डासांची जाळी, म्हणजे उरलेल्या वाऱ्यातलाही बराच अडला. समुद्रावरून दुपारी वारा येतो, रात्री जमिनीवरून मतलई वारा उलटा जातो. या दोन्हींना येण्या-जाण्याची वाट ठेव. समोरासमोर खिडक्या, आणि गरम हवेला वरून बाहेर जायला जागा. कौलांच्या फटी हे काम फुकट करायच्या. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्रभर परत देतो, खाली पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते. स्लॅब हवाच असेल तर वर कौलांचं दुसरं छप्पर घे आणि मधून वारा खेळू दे. आणखी एक, पुस्तकात दक्षिणेचं ऊन शिकवतात, पण आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो.

फिनलंडमध्ये पायमिओला आल्वार आल्टो या वास्तुविशारदाने क्षयरोग्यांसाठी बांधलेलं रुग्णालय १९३३ साली सुरू झालं. त्याने खोली आडव्या पडलेल्या माणसाच्या नजरेतून आखली. दिवा डोळ्यांवर येणार नाही असा, छताचा रंग शांत, हात धुण्याचं भांडं अशा उताराचं की पाण्याचा आवाज शेजारच्या रुग्णाला होऊ नये. मला त्या भांड्याचं फार कौतुक वाटतं. त्यानंतर १९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाचा अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, ते विटांची भिंत बघत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकं कमी जोराची पुरली. रुग्ण ४६ च होते, जोड्या २३, तेव्हा त्यावर फार मोठा डोलारा उभारू नकोस. पण तुझी बारा फुटी काच दिवाणखान्यात आहे आणि आजींच्या खाटेवरून दिसतो तो टाकीचा पाइप. खिडकीची पाटली साडेतीन फुटांवर आहे, ती दोन फुटांवर आण, गज लाव. फणसाचं झाड राखलंयस ना? ते तिथून दिसू दे.

समुद्र बघून आजींना काय मिळणार, तो त्यांनी जन्मभर पाहिलाय. त्यांना बघायची असतात पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, जाणारी माणसं. “खंय चल्लास?” एवढं विचारलं की अर्धा तास जातो. तू गडगा, म्हणजे दगडांचा बुटका बांध, काढून सात फुटी कंपाउंड घातलंयस. गडगा ठेव, पुढे बसता येईल अशी ओटी ठेव.

आता तू म्हणशील, काका जुन्या घरांचे गोडवे गातायत. नाही गात. माझ्या आजोळच्या माजघरात दिवसा दिवा लागायचा, बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती आणि चुलीच्या धुराने मावशीचे डोळे कायम लाल असायचे. खोल वळचणीने झड अडते तसा उजेडही अडतो. दोनचार काचेची कौलं टाक, आतल्या भिंतीला पांढरा चुना दे. पाणी तापवायची चूल आजी सोडणार नाहीत, ती पावसाळी वाऱ्याच्या उलट अंगाला, ईशान्येकडे घे. तुझ्या नकाशात ती नेमकी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली वाऱ्याच्या तोंडावर आहे. जुलैतली ओली लाकडं काय धूर करतात ते तू पाहिलेलं नाहीस.

फरशी बदल. दमट दिवसांत चकचकीत फरशीला घाम येतो आणि ७८ व्या वर्षी खुबा मोडणं म्हणजे बहुधा खाटच. खरखरीत फरशी, खाट ते संडास एकही पायरी नको, वाटेत हाताला धरायला दांडी, दिव्याचं बटण उशाशी. जोतं उंच ठेवावंच लागेल, तिथल्या पायऱ्या बुटक्या आणि रुंद कर. छपराच्या वाशांना लोखंडी पट्ट्या मार, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कुणाकुणाचे पत्रे माडावर अडकले होते ते विचार कुणालाही. वास्तुशास्त्रावर मालकांशी भांडू नकोस.

पुढच्या नकाशात आजींची खाट काढून पाठव, उशी कुठल्या दिशेला तेही. आणि काढण्याआधी एकदा, मालक नसताना, त्यांच्या आत्ताच्या घरी दोन रात्री राहून ये. आषाढातच जा. छत्री नको, इरलं मिळालं तर घे. माझ्याकडून त्यांना कोकमं पाठवतोय, ती तेवढी आठवणीने दे.

तुझा,
काका