तो शब्द तेवढा तोंडातून काढू नका

तुमची पोस्ट वाचली आणि कैरोतली माझी चार वर्षं डोळ्यांपुढे आली. रक्स शर्कीच्या, म्हणजे ज्याला जग 'बेली डान्स' म्हणतं त्याच्या, क्लासात सगळ्या बायका नि तुम्ही एकटेच पुरुष, घरमालकाला 'जिमला जातो' म्हणून सांगितलेलं, आणि आता छोट्या कार्यक्रमात नाचायला परवानगी हवीय. सेम टू सेम मी!

शिकायचं कसं, कुणाकडे, ते तुम्हाला ठाऊकच असणार. मला काय नडलं ते सांगतो.

मी पडलो पुस्तकी किडा. १८३४ मध्ये इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता महंमद अली याने नाचणाऱ्या गवाझी बायकांना कैरोतून दक्षिणेला हाकललं, मग बायकी पोशाखात नाचणाऱ्या पुरुषांना मागणी वाढली, त्यांना 'खवल' म्हणत, एवढं वाचून गेलो होतो. म्हटलं, आपल्या तमाशातल्या नाच्यासारखीच परंपरा! परवानगीच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, "तू नक्की करतोस काय?" मी मोडक्या अरबीत ऐटीत सांगितलं, "जुन्या काळच्या खवलसारखा नाचतो."

चहा ढवळणारा त्याचा चमचा ग्लासातच थांबला. शेजारचा फिस्सकन हसला. तो शब्द आज तिथे समलिंगी पुरुषांना हासडायची गलिच्छ शिवी आहे, हे मला नंतर बाईंनी, म्हणजे माझ्या नृत्यशिक्षिकेने, कपाळाला हात लावून सांगितलं.

पुढचे सात आठवडे 'बुकरा, इन्शाल्ला'. बुकरा म्हणजे उद्या. शिक्का या मजल्यावर, सही त्या मजल्यावर, साहेब नुकतेच उठून गेलेले. पाच खेपांत चार-चार फोटो घेतले माझे. वीस फोटोंचं त्यांनी काय केलं, देव जाणे.

शेवटी बाईंनी नवा अर्ज लिहून दिला. त्यात 'रक्स', म्हणजे नाच, हा शब्दच नाही, नुसतं 'लोककला'. चार दिवसांत सही! महमूद रेदाने १९५९ मध्ये लोकनृत्याची मंडळी उभी केली, तेव्हापासून त्या नावाखाली पुरुषाने मंचावर नाचणं प्रतिष्ठेचं झालंय. गडी पूर्वी ऑलिंपिकला गेलेला जिम्नॅस्ट, त्याला बायल्या कोण म्हणणार? गल्लीतल्या लग्नात तर बापे कंबर हलवून हलवून नाचतात, कुणाला काही वाटत नाही. पैसे घेऊन, 'मी नर्तक' म्हणून उभे राहिलात की डोळे वटारतात. हे आपलं माझं मत हं.

पोशाखाचं म्हणाल तर गलाबिया, म्हणजे तिथल्या पुरुषांचा पायघोळ झगा, घाला, कमरेला ओढणी आवळा. इजिप्तचा नर्तक तितो सैफ तसाच नाचतो आणि कमरेचा एकेक झटका लांबून दिसतो. असा पुरुषी पोशाख घालण्यात शरणागती वगैरे मला वाटत नाही. बैरूतचा नर्तक अलेक्झांडर पॉलिकेविच दुसऱ्या टोकाचा. 'बेली डान्स' नको, 'बलदी' (म्हणजे देशी) म्हणा, असा आग्रह धरतो आणि बायकी समजले जाणारे कपडे बिनधास्त घालतो. मला खरं तर तोच जास्त आवडतो. पण बैरूत म्हणजे कैरो नव्हे.

मी वकील नाही, तरी सांगतो, रील टाकू नका. १९६१ च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्यात 'फुजूर', म्हणजे बदफैली, असा शब्द आहे. तो पुरुषांवर कधी, कशासाठी लावतील याचा नेम नाही. नोकरी करत असाल त्या कंपनीला विचारून घ्या.

आणि हो, सराव शॉर्ट्समध्ये करा, गलाबियात गुडघे दिसत नाहीत. नाण्यांचा पट्टा रात्री घरी बांधू नका. माझ्या खालच्या मजल्यावरच्या हाज्जा (वयस्कर बाईंना तिथे आदराने असं म्हणतात) एकदा जिना चढून वर आल्या होत्या. मला वाटलं, आता झाली तक्रार. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या ठोक्याला चुकतोयस."