दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या बायकांचं घर कशावर चालायचं? पैशावरून भांडणं व्हायची का?

व्हायची. 1942 च्या कायद्यानुसार साध्या सैनिकाच्या बायकोला महिन्याला 50 डॉलर मिळत. त्यातले 22 त्याच्याच पगारातून कापलेले, 28 सरकारचे. म्हणजे आघाडीवर त्याचा खिसा रिकामा आणि इकडे भाडं, किराणा भागवताना तिची ओढाताण. मूल असेल तर 12 डॉलर जास्त, एवढंच.

त्यात सासू-सासरे मुलाच्या कमाईवर अवलंबून असले की हिशेब आणखी नाजूक. मला सगळ्यात जाचक वाटतं ते पत्रांचं अंतर. तिनं तक्रार लिहायची, उत्तर यायला कित्येक आठवडे, तोवर रागही ओसरलेला किंवा कर्जही झालेलं. समोरासमोर पाच मिनिटांत मिटलं असतं ते महिनोन्‌महिने सलत राहायचं.