तुमचा सर्वात आवडता कादंबरीकार कोण? त्यांचं लेखन कसं सापडलं आणि नवीन वाचकानं सुरुवात कुठून करावी?

व्यंकटेश माडगूळकर. दुसरं नाव मनात येतच नाही.

पहिली गाठ पडली ती कादंबरीतून नाही, 'माणदेशी माणसं'मधल्या धर्मा रामोशीमुळे. धर्माचं धोतर पार फाटलेलं, म्हणून लेखक त्याला एक धोतर देतो. पुढे तेच धोतर त्याच्या तरुण मुलीच्या अंगावर दिसतं. नेसायला धड काही नाही म्हणून ती पोर घराबाहेर पडत नव्हती, हे आपल्याला तेव्हा कळतं. गरिबीवर भाष्य वगैरे काही नाही. शाळकरी वयात वाचलं होतं, पण त्यानंतर ग्रंथालयात माडगूळकरांचं नाव दिसलं की पुस्तक घरी यायचंच.

मग 'बनगरवाडी' (१९५५) मिळाली आणि मी पुरता त्यांचा झालो. तसं कथानक म्हणाल तर थोडकंच. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, हळूहळू वाडीतलाच एक होतो, लोकांना हाताशी धरून तालीम उभी करतो, आणि मग दुष्काळ पडतो. त्यात शेकूचा प्रसंग आहे. शेकूकडे एकच बैल, दुसरा कुणाकडून मिळेना. शेवटी त्याची बायको बैलाच्या जोडीनं जू स्वतःच्या खांद्यावर घेते. एखाद्यानं इथे पानंच्या पानं गळा काढला असता. माडगूळकर ते समोर दिसतं तसं सांगतात आणि पुढे जातात. मी मात्र त्या पानावरून लवकर हललो नव्हतो. आपल्या वाचकावर इतका विश्वास टाकणारा लेखक मला तोवर भेटला नव्हता, आणि माझं प्रेम जडलं ते या विश्वासावर.

हे त्यांना का जमलं असावं? ते स्वतः माडगूळचे, लहान वयात मास्तरकी केलेले, बेचाळीसच्या चळवळीत घर सोडलेले. शिवाय हातात चित्रकाराची रेघ. ते माणसाचं वर्णन करतात तेव्हा आधी त्याचं चालणं, बसणं, पटका दिसतो; स्वभाव मागून आपोआप येतो.

'वावटळ' (१९६४) वाचताना तर मी त्यांना मनोमन हात जोडले. गांधीहत्येनंतर गावोगावी ब्राह्मणांची घरं जळाली, त्या दिवसांची ही कादंबरी. ज्याच्या जवळच्यांनी ही झळ सोसली त्यानं कडवट लिहिलं असतं तरी समजण्यासारखं होतं. इथे कडवटपणा नाही. गाव जाळणारा जमावही गावचाच आहे, हे ते विसरत नाहीत.

सुरुवात 'बनगरवाडी'पासूनच करा. छोटी आहे, पण एका बैठकीत संपवू नका. माणदेशी बोली अडली तर संवाद मोठ्यानं वाचून बघा, कानाला लगेच उमगतात. मग 'वावटळ', आणि 'सत्तांतर' (१९८२) त्यानंतर. वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्याच्या या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमी मिळालं. पुष्कळजण ती राजकारणाचं रूपक म्हणून वाचतात. तसंही वाचता येतं, पण मला वाटतं, पहिल्या वाचनात ती वानरांचीच गोष्ट म्हणून वाचावी. जंगलात तासन्‌तास बसून बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही, आणि ते बघणं चुकवू नये.