वेंगुर्ल्यात दोन दिवस मुक्काम आहे, जेवायला कुठे जावं?

बाजारपेठेच्या आसपासच्या एखाद्या घरगुती खानावळीत जा, आणि दुपारीच जा. मी इथलाच आहे. सकाळी बंदरावर आलेली मासळी दुपारच्या ताटात असते. रात्री बहुतेक ठिकाणी उरलेल्यातून निवड करावी लागते. मेनूकार्ड मागू नका, 'आज काय ताजं आलंय?' एवढंच विचारा. बांगडा असेल तर तळलेल्यापेक्षा तिरफळ (सुगंधी मसाल्याचं फळ) घातलेलं तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण, घ्या, तो वास दुसऱ्या कशाला नाही. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. दुसऱ्या दिवशी शिरोड्याकडे जाणार असाल तर वाटेत न्याहारीला घावणे किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली तर थांबाच.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येत असाल तर ओल्या काजूची उसळ चुकवू नका. हा काजूचाच मुलुख. 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जाती इथल्याच फळ संशोधन केंद्राच्या. ओला गर हाताने सोलावा लागतो, सालीतल्या चिकाने हात भाजतात, म्हणून ही उसळ महाग असते. त्यात घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. मात्र ती आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, वडे-कोंबडीचंही तेच.

एक लक्षात ठेवा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा पापलेट-सुरमई बहुधा बर्फातली. त्याऐवजी सुक्या बांगड्याची किसमूर (भाजून चुरलेला बांगडा, कांदा-खोबरं घालून) किंवा खाडीची मासळी मागा.