उत्सर्जन म्हणजे ‘बाहेर फेकणे’ का?

मालवणच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मासेविक्री करणाऱ्या बायकांसाठी त्या रक्तदाबावर माहितीपत्रक लिहीत आहेत. त्यात एक वाक्य आहे : ‘डोपामाइन मूत्रपिंडातून सोडियमचे उत्सर्जन करते.’ (डोपामाइन म्हणजे पेशींना निरोप देणारं एक रसायन; सोडियम हा मिठातला घटक.) उत्सर्जन हा शब्द जड वाटतो म्हणून ‘डोपामाइन क्षार बाहेर फेकते’ असं लिहिलं तर चालेल का?

ताई, आधी ‘क्षार’ काढा. आपल्या शाळेच्या पुस्तकांत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा कुठलाही पदार्थ, हिंदीत मात्र क्षार म्हणजे आम्लारीच. नुसतं ‘मीठ’ लिहा. खारा बांगडा रोज हाताळणाऱ्या बाईला तेवढं पुरे.

खरी अडचण ‘फेकते’ या क्रियापदाची आहे. मूत्रपिंड मीठ वेचून बाहेर टाकत नाही. ते आधी रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेलं जवळजवळ सगळं गाळून घेतं, दिवसाला सुमारे 180 लिटर. एवढ्या पाण्यात मीठ जवळपास दीड किलो असतं. मग बारीक नलिकांच्या भिंतीतल्या पेशी त्यातलं 99 टक्क्यांहून जास्त मीठ पुन्हा रक्तात ओढून घेतात. उरतं ते लघवीवाटे जातं.

शिरोड्याचं मिठागर डोळ्यांसमोर आणा, 1930 च्या सत्याग्रहाचं. वाफ्यात मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने ते कडेला ओढतात आणि बांधावर रास घालतात. ओढणाऱ्याचा हात सैल पडला तर मीठ वाफ्यातच राहील. डोपामाइन नेमकं हेच करतं, ओढणाऱ्या पेशींचा हात सैल करतं. हे डोपामाइन मेंदूतून येत नाही. नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी एल-डोपा नावाच्या पदार्थापासून ते जागेवरच बनवतात. मीठ जास्त खाल्लं की ते वाढतं आणि सोडियम आत ओढणारे पेशींमधले पंप मंदावतं. उच्च रक्तदाबाच्या काही रुग्णांत डोपामाइन असूनही त्याचा निरोप पेशींना नीट पोचत नाही, मग मीठ अंगात साठतं. म्हणून कर्ता-क्रियापदाची ही जोडी मला महत्त्वाची वाटते. ‘फेकते’ लिहिलं की वाचणाऱ्या बाईला आजार नेमका कुठे आहे ते कळणारच नाही.

गंमत अशी की जड वाटणारा ‘उत्सर्जन’ अर्थाने अचूक आहे. त्यातला धातू सृज्, म्हणजे सोडणे, मोकळं करणे. विसर्जनातही तोच आहे, आणि विसर्जनाला कुणी गणपती पाण्यात फेकत नाही. सृज् ला मराठीत जवळचं क्रियापद ‘सुटणे’. बांगड्याला मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळाने ताटलीत पाणी सुटतं. ते पाणी कुणी काढलेलं नसतं, मिठामागे आलेलं असतं. शरीरातही पाणी मिठामागेच जातं. मीठ अडकलं की पाणी अडकतं आणि रक्तदाब चढतो. माहितीपत्रकात बांगड्याचं हे उदाहरण जरूर घाला, त्या बायकांना ते आपल्याहून चांगलं ठाऊक आहे.

‘पुनःशोषण’ हा शब्द डॉक्टरांसाठी राहू दे, इथे ‘परत ओढून घेणं’ लिहा. माझं वाक्य असं होईल : ‘मूत्रपिंडात तयार होणारं डोपामाइन मीठ परत ओढून घेणं कमी करतं, त्यामुळे जास्तीचं मीठ लघवीवाटे सुटतं.’ आणि डोपामाइनचं काम बिघडलं तर काय होतं, हे तोंडी सांगताना सरळ मालवणीत सांगा : ‘मीठ अंगात रवता.’