पाठांतर करणारा मुलगा वाद घालू लागतो तेव्हा

“चौथीपर्यंत सांगाल ते पाठ करायचा, आता प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतो,” ही तक्रार साताऱ्यातील माझ्या समुपदेशन कक्षात इतक्या वेळा येते, की पालकांनी वाक्य सुरू करताच पुढचे शब्द मला ठाऊक असतात. लहान मुलांच्या पालकांची तक्रार नेमकी उलटी असते: “नुसता घोकतो, विचार करत नाही.” दोघांनाही मी आधी मुलाचे वय विचारते.

युरोपातील अभिजात शिक्षणपरंपरेत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांना मिळून ‘ट्रिव्हियम’ म्हणत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल त्यांच्यानंतर येत. मध्ययुगात हे अभ्यासाचे विषय होते, वयाचे टप्पे नव्हते. मुलांच्या वाढीशी त्यांची सांगड घातली ती इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी, 1947 मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात. त्यांच्या मांडणीप्रमाणे लहान मूल आनंदाने साठवते, त्यानंतरचे मूल खोडून काढते आणि मोठ्यांना शब्दांत पकडते, तर किशोरवयात त्याला स्वतःचे काही म्हणायचे असते. आपल्याकडेही संस्कृत शब्दांची रूपे देणारी रूपावली आणि अमरकोश हा शब्दकोश आधी मुखोद्गत करून घेत आणि न्यायशास्त्राकडे, म्हणजे तर्कशास्त्राकडे, मागाहून वळत. मला ही मांडणी पटते, कारण कक्षात मी ती रोज पाहते. मात्र टप्पे एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक मूल ते आपल्या गतीने ओलांडते, हेही तितकेच खरे.

सातवीतल्या एका मुलाची आई आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) “मॅडम, इतिहासाचं पुस्तक उघडलं की वाद घालतो. सरांनाही उलट प्रश्न विचारतो. एवढा हुशार मुलगा, वाया जाणार.” काय विचारतो, हे त्यांना नीट सांगता येईना, फक्त उलट बोलतो, एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. म्हणून मी मुलालाच बोलावले.

तो म्हणाला, “अफझलखान आधी वाईचा सुभेदार होता. म्हणजे जावळीचा मुलूख त्याला माहीत असणार. मग एवढी फौज घेऊन तो त्या जंगलात उतरलाच कसा? हे विचारलं तर सर म्हणाले, पुस्तकात आहे तेवढं कर.”

आई ओशाळून माझ्याकडे पाहू लागल्या. मी मुलाला म्हटले, “प्रश्न चांगला आहे, पण अर्धा आहे. खानाच्या बाजूने कारणं मांड, मग महाराजांच्या बाजूने. ज्या कारणाला आधार नाही, ते खोडायचं.”

पुढच्या वेळी तो वही घेऊनच आला. एका रकान्यात खानाचा आत्मविश्वास आणि महाराज घाबरले आहेत अशी त्याची झालेली समजूत, दुसऱ्यात दाट रान, अरुंद वाटा आणि तोफा वर चढवण्याची अडचण. मी विचारले, “भेट केव्हा झाली?” उत्तर तत्काळ आले, “10 नोव्हेंबर 1659.” मग तो थबकला. “म्हणजे पाऊस संपला होता. पावसाळ्यात जावळीत फौज हललीच नसती.” आणि आईकडे वळून तो म्हणाला, “आई, तू चौथीत तारखा पाठ करून घेतल्यास ना, म्हणून सुचलं.”

आईंचा चेहरा त्या क्षणी जो उजळला, त्यासाठी मी हा व्यवसाय करते, असे म्हटले तरी चालेल. चौथीतले पाठांतर फुकट गेले नव्हते, ते कच्चा माल म्हणून आता कामी येत होते. मलाही त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली: पालक मुलाकडून बहुधा मागच्या किंवा पुढच्या टप्प्याची वागणूक मागतात आणि ती मिळाली नाही की मूल बिघडले असे समजतात.

म्हणून दहा-अकरा वर्षांपर्यंत पाढे, पावकी-निमकी, कविता, नद्या, सनावळ्या भरपूर पाठ करू द्याव्यात. त्या वयात ते ओझे वाटत नाही. त्यानंतर वाद घालणाऱ्याला गप्प बसवू नये, त्याच्याकडून पुरावा मागावा, भूमितीतली सिद्धता करून घ्यावी, वर्तमानपत्रातल्या अग्रलेखातली कच्ची बाजू शोधायला लावावी. उद्धटपणा मात्र खपवून घेऊ नये. “प्रश्न ठेव, सूर बदल,” एवढे सांगितले की बहुतेक मुलांना फरक कळतो.

निघताना आईंनी विचारले, “धाकटी दुसरीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे, तिला भाषण लिहून देऊ का?” पर्यावरणावरची भाषणे सात वर्षांच्या मुलींच्या तोंडी मी पुष्कळ ऐकली आहेत, शब्द मोठ्यांचे असतात आणि हातवारेही मोठ्यांनीच बसवलेले. मी म्हटले, “भाषण राहू द्या. तिला आवडेल ती कविता पाठ करू द्या. भाषण ती नववी-दहावीत स्वतः लिहील.”